विशेष गरजा असलेले मूल आणि आपले वसतिगृह

स्मरणिका ही संस्थेच्या मागील वाटचालीची नोंद असते; ती पुढील वाटचालीचा संकल्पही असावी, असे आम्हांस वाटते. या निमित्ताने जमणाऱ्या निधीतून काय उभारावे, याविषयी हितचिंतकांकडून अनेक सूचना येत आहेत. कोणी नव्या प्रवेशद्वाराचा आग्रह धरतात, कोणी सभागृहाचा. या सर्व सूचना सद्भावनेने केलेल्या आहेत. तरीही वसतिगृहात रोज मुलांसमवेत वावरणारे शिक्षक व गृहपाल या नात्याने आम्ही एक निराळा विषय मांडू इच्छितो. नवे प्रवेशद्वार बांधण्यापूर्वी, आहे त्या दारातून कोणते मूल आत येऊ शकत नाही, याचा विचार व्हावा.

निवासी शाळांच्या प्रवेश-अर्जावर ‘विद्यार्थी शारीरिक व मानसिकदृष्ट्या सुदृढ असावा’ अशा अर्थाचे वाक्य पुष्कळ ठिकाणी आढळते. ते कोणी दुष्टाव्याने लिहिलेले नसते. मुले पुष्कळ, सांभाळणारी माणसे मोजकी, अशा ठिकाणी ‘या मुलाचे करणार कोण?’ हा प्रश्न खरा असतो. दिवसाच्या शाळेतील मूल पाच-सहा तासांनी घरी जाते. निवासी शाळेत मात्र त्याची आंघोळ, जेवण, कपडे, औषध, झोप या साऱ्यांची जबाबदारी संस्थेवर येते. म्हणून अर्ज तपासणारा त्या वाक्यापाशी थांबतो आणि मूल परत जाते. साक्री, शिंदखेडा, शिरपूर किंवा नंदुरबारकडील ज्या कुटुंबांना ऊसतोडीसाठी वर्षातील सहा-सहा महिने गाव सोडावे लागते, त्यांच्या मुलासाठी परत जाणे म्हणजे उसाच्या फडावर जाणे. ज्या समाजाच्या मागील पिढ्यांनी ‘तुमचे मूल इथे चालणार नाही’ हे शब्द शाळेच्या पायरीवर ऐकले, त्याच समाजाने उभारलेल्या शाळेत ते वेगळ्या शब्दांत पुन्हा उच्चारले जाऊ नयेत, एवढीच आमची भूमिका आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 1925 साली सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सभेच्या अगदी प्रारंभीच्या कामांत वसतिगृहाचा समावेश का असावा, याचा विचार केला पाहिजे. शाळेत नाव घातल्याने मूल शिकत नाही. त्याला निजण्यास जागा, दोन वेळचे अन्न, अभ्यासाला दिवा आणि अपमानापासून दूर असा निवारा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. शिकण्याची क्षमता मुलात असतेच. ती प्रकट होण्याजोगी परिस्थिती उभी करणे हे संस्थेचे काम. दरवर्षी 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर 1937 सालच्या त्यांच्या मुक्कामाचे स्मरण करण्यासाठी आपण जमतो. त्या स्मरणाचा अर्थ आपल्या रोजच्या कारभारातही दिसावा. परिस्थिती मुलाच्या मापाची करण्याचे हेच तत्त्व विशेष गरजा असलेल्या मुलांपर्यंत नेणारी एक विद्याशाखा आहे. तिचे नाव व्यवसायोपचार.

या नावाने बराच घोटाळा होतो. व्यवसाय म्हणजे धंदा असे समजून, व्यवसायोपचार म्हणजे अपंगांना शिवणकाम वा मेणबत्त्या शिकवणे, अशी समजूत रूढ आहे. येथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर ज्या ज्या कृतींत गुंतलेला असतो त्या सर्व. मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, लिहिणे, जेवणे, पायजम्याची नाडी बांधणे, रांगेत उभे राहणे, मित्र जोडणे. यांपैकी कोणती कृती अडते, नेमकी कोणत्या पायरीवर अडते, आणि मुलाचा सराव, कृतीची रीत किंवा भोवतालची रचना यांपैकी काय बदलल्यास ती सुटेल, हे शोधणारा तो व्यवसायोपचार तज्ज्ञ. भौतिकोपचाराचे लक्ष मुख्यतः शरीराच्या हालचालीवर असते. व्यवसायोपचार त्या हालचालीतून रोजचे जगणे कसे साधेल हे पाहतो.

ही विद्या आपल्याकडे रुजली ती महाराष्ट्रातच. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर येथील झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातील ते पहिले. पुढे नागपुरातही असे शिक्षण सुरू झाले. 1952 मध्ये व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत त्याच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होता. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभारलेली बालभवन ही शाळा आज कमलाताईंच्याच नावाने चालते. सत्तर वर्षांहून अधिक काळ ही विद्या आपल्या राज्यात आहे. खेड्यातील शाळेपर्यंत मात्र ती क्वचितच पोहोचली.

ती पोहोचल्यास काय घडते, हे लेखनाच्या उदाहरणावरून पाहू. पाचवीतील एखादे मूल तोंडी उत्तर अचूक देते, पण फळ्यावरचे उतरवून घेताना मागे पडते. अक्षर ओळीबाहेर जाते, पेन्सिलीचे टोक वारंवार मोडते, दहा ओळींनंतर मनगट दुखू लागते. अशा मुलाला सर्वत्र मिळणारे औषध एकच : आणखी दहा पाने शुद्धलेखन. व्यवसायोपचार तज्ज्ञ अक्षराकडे सर्वांत शेवटी पाहतो. प्रथम तो पाय पाहतो. ते जमिनीला टेकले आहेत की बाकावरून लोंबकळत आहेत? मग कंबर, खांदा, कोपर, मनगट आणि अखेरीस बोटे.

आपल्या सोनगीरच्या माणसाला हे पटवून देणे अवघड नसावे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव खानदेशात ओळखले जाते. भांडे मठारणाऱ्या कारागिराचा ठोका मनगटाचा दिसतो, परंतु तो बैठकीच्या आणि खांद्याच्या आधारावर पडतो. बैठक डळमळली की ठोका वाकडा जातो. लेखनाचेही तसेच आहे. शिवाय देवनागरीत हात एका रेषेत पुढे जात नाही. मात्रा वर, उकार खाली, काना पुढे. ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी काढावी लागते. ज्या मुलाला डोळा आणि हात यांचा मेळ घालणे कठीण जाते, त्याला प्रत्येक शब्द एक चढण होते.

उपाय बहुधा साधे असतात. पायाखाली लाकडी पाट, उताराची पाटी, जाड किंवा तिधारी पेन्सिल, रुंद ओळींची वही. खांद्याला बळ यावे म्हणून उभ्या भिंतीवर खडूने रेखाटन. बोटांसाठी कणीक मळणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, कपड्यांचे चिमटे लावणे. कोणत्या मुलाला यांपैकी काय, किती आणि किती दिवस, हे ठरवणे हा तज्ज्ञाचा भाग. आणि इतके करूनही हात साथ देत नसेल तर लेखनिक व जादा वेळ हा त्या मुलाचा हक्क आहे. लेखनिक व जादा वेळेसाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक तासामागे किमान 20 मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये असा निर्णय दिला की, अपंगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी आहे एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही.

लेखन हा वर्गातील प्रश्न झाला. निवासी शाळेत त्याहून अधिक प्रश्न वर्गाबाहेर असतात, आणि तेथेच आपल्याला मोठी संधी आहे. शहरातील मुलाला तज्ज्ञाकडे आठवड्यातून एखादा तास मिळतो. वसतिगृहात पहाटेच्या घंटेपासून रात्री दिवा मालवेपर्यंत प्रत्येक कृती सरावाची होऊ शकते. गुंड्या लावता येत नाहीत म्हणून रोज कोणीतरी लावून देणे सोपे. पण शेवटची गुंडी तेवढी मुलाकडून, मग शेवटच्या दोन, असे मागून पुढे येत गेले तर प्रत्येक दिवशी काम त्याच्याच हाताने पुरे होते. भोजनगृहातील ताटांचा खणखणाट सहन न होऊन कानांवर हात ठेवणारे मूल हट्टी नसते. त्याला दहा मिनिटे आधी किंवा कडेच्या जागी बसवले तर ते जेवते. पुढे काय होणार हे न कळल्याने अस्वस्थ होणाऱ्या मुलासाठी भिंतीवर दिनक्रमाची चित्रे पुरतात. वंदनेनंतरच्या आनापानसतीला काही मुलांना स्थिर बसवत नाही. त्यांच्यासाठी आपल्याच परंपरेत चंक्रमण आहे. त्यांनी सावकाश चालत सजग राहावे.

बुद्धशासनात या विचाराला मोठा आधार आहे. चूळपंथक या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही. थोरला भाऊ महापंथक स्वतः विद्वान अर्हत. त्याने धाकट्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला दाराशीच गाठले, हातात स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला आणि ते चोळत एकच लहानसा शब्द म्हणत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि मळणाऱ्या वस्त्रातून चूळपंथकाला अनित्यता कळली. पाठांतराने जे साधले नाही ते हाताच्या कृतीने साधले. ही कथा आपण प्रवचनात सांगतो, आणि वर्गात मात्र पाठांतरावरून मूल जोखतो. या दोहोंचा मेळ घातला पाहिजे.

दुसरी कथा सोण कोळिविसाची. मोठ्या ऐश्वर्यातून आलेल्या या भिक्खूचे कोवळे पाय चंक्रमण करताना रक्तबंबाळ झाले, तेव्हा तथागतांनी त्याला एकपदरी पादत्राण वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी स्वीकारली नाही. इतके वैभव सोडून आलेला हा चपलेत गुंतला, असे लोक म्हणतील. संघातील सर्वांना अनुज्ञा असेल तर मीही वापरीन, असे त्याने सांगितले. तथागतांनी ती सर्व भिक्खूंना दिली. साहाय्य नाकारणाऱ्या मुलाचे मन या कथेत आहे. जाड पेन्सिल एकालाच दिली तर ती त्याची खूण होते. वर्गातील पेटीत सर्वांसाठी ठेवली तर ती नुसती पेन्सिल राहते. उतरंड, स्नानगृहातील दांडा, भोजनगृहातील शांत कोपरा हे सर्वांसाठी असावे. पाय मुरगळलेला खेळाडू आणि वर्धापनदिनाला येणारी आजी यांनाही ते उपयोगी पडते.

विनयपिटकात अंगव्यंग असलेल्यांच्या प्रव्रज्येवर निर्बंध आहेत, याकडे कोणी अभ्यासक बोट दाखवतील. ते निर्बंध आहेत, आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु ते भिक्षाटनावर जगणाऱ्या संघाच्या प्रवेशाविषयी आहेत. धम्म ऐकण्यावर व शिकण्यावर तथागतांनी असा निर्बंध घातला नाही. ठेंगण्या बांध्यामुळे ज्याची थट्टा होई त्या लकुंटक भद्दियाला त्यांनी मधुर वाणीच्या भिक्खूंमध्ये अग्रस्थान दिले. शाळा हा संघ नव्हे. शाळेत प्रवेश हा आज कायद्याने मिळालेला अधिकार आहे.

तो कायदा काय सांगतो, हे विश्वस्त व पालक या दोघांनाही ठाऊक असावे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ते 21 झाले. त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात आढळणारा सिकलसेल आजारही आहे. कलम 16 नुसार शासनाने अनुदान वा मान्यता दिलेल्या शैक्षणिक संस्थांनी भेदभावाविना प्रवेश द्यावा, इमारत सुगम्य करावी, प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी आणि अध्ययन अक्षमता लवकर ओळखावी, असे अपेक्षित आहे. कलम 31 लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देते. समग्र शिक्षा योजनेत शासकीय व अनुदानित शाळांतील अशा विद्यार्थ्यांसाठी प्रतिवर्षी प्रत्येकी 3500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतो आणि पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना त्यात आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. अध्ययन अक्षमतेचा रकाना त्या गणनेत नव्हता. म्हणजे वर्गात मागे बसणारी कितीतरी मुले त्या आकड्यातही नाहीत.

एक इशारा येथे आवश्यक आहे. मूल ओळखण्याची घाई घातक ठरते. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारे मूल प्रमाण मराठीच्या पुस्तकासमोर गोंधळले, तर तो त्याचा दोष नव्हे, आजार तर नव्हेच. डोळ्यांना चष्मा हवा असेल, कानात दोष असेल, रक्त कमी असेल, किंवा घरच्या आठवणीने झोप लागत नसेल, तरीही अभ्यास मागे पडतो. या सर्वांची खात्री होण्याआधी कोणत्याही मुलावर शिक्का मारू नये. निदान तज्ज्ञानेच करावे. शिक्षकाने निरीक्षण लिहावे.

दुसरा इशारा कामाविषयी. शेंगा फोडणे वा बादली उचलणे हा सराव असू शकतो, म्हणून वसतिगृहाची कामे मुलांवर ढकलण्यास ती सबब होता कामा नये. कृती मुलाच्या ध्येयासाठी निवडलेली असावी, थोडा वेळ असावी आणि त्याला ती आवडावी. स्वयंपाकघराची गरज भागवणे हा तिचा हेतू नसावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, यासाठी विशेष शाळा आहेत. त्या आहेत आणि काही मुलांना त्यांचीच गरज असते, हे आम्ही मानतो. पण ज्याला केवळ उतरंड, लेखनिक किंवा थोडा अधिक वेळ हवा, त्याला भावंडांपासून तोडून दूर पाठवणे न्यायाचे नाही. दुसरा आक्षेप इतर मुलांच्या नुकसानीचा. सूचना लहान तुकड्यांत देणे, चित्रांचा आधार घेणे, बाकाची उंची मुलाच्या मापाची ठेवणे यांत नुकसान कोणाचे? मित्राचे ताट धरून त्याच्या चालीने चालणारे मूल मैत्रीचा जो पाठ शिकते, तो कोणत्याही परीक्षेत नसला तरी आपल्या शाळेच्या स्थापनेमागे तोच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : तज्ज्ञ आणणार कोठून? या विद्येची जुनी विद्यालये मुंबई-नागपुरात, आणि आपण मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्याही पुढे 20 किलोमीटर. पूर्णवेळ तज्ज्ञ नेमणे आज आपल्याला शक्य नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण प्रारंभाला पूर्णवेळ तज्ज्ञ लागत नाही. तज्ज्ञाने महिन्यातून एकदा यावे, प्रत्येक मुलासाठी दोन-तीन ध्येये लिहून द्यावीत, गृहपाल, शिक्षक व स्वयंपाकगृहातील ताईंना ती करून दाखवावीत. मधल्या काळात दूरध्वनीवरून चित्रफीत पाहून सल्ला द्यावा. रोजचे काम आपण करू. खानदेशात निवासी सोय अशक्य आहे असे कोणी म्हणू नये; जळगावला दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प दिव्यांग तरुणांना निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करण्याची सोय देत आहे. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी त्या तरुणांना आधी कोणत्यातरी शाळेने दार उघडावे लागते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे, माजी विद्यार्थ्यांपुढे आणि दात्यांपुढे आमच्या पाच सूचना आहेत.

पहिली : आपल्या प्रवेश-अर्जावर सुदृढतेची अट कोणत्याही रूपात असू नये. तिच्या जागी ‘आपल्या पाल्याला कोणत्या साहाय्याची गरज आहे?’ हा प्रश्न असावा.

दुसरी : जमणाऱ्या निधीचा पहिला वाटा स्नानगृहे, शौचालये व भोजनगृह यांकडे जावा. उतरंड एकास बारा या प्रमाणात, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबीची असावी. शौचालयात भिंतीला दांडा, एक तरी कमोड आणि दाबून उघडणारा नळ असावा.

तिसरी : तज्ज्ञाच्या मासिक भेटीसाठी स्वतंत्र तरतूद असावी आणि ती देणगीच्या चढउतारावर अवलंबून नसावी.

चौथी : प्रत्येक वर्षारंभी आरोग्य पथकाकडून डोळे, कान व रक्त यांची तपासणी व्हावी, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व स्वावलंबन कार्ड मिळवण्यासाठी पालकांना धुळ्यापर्यंत सोबत मिळावी. रोजंदारी बुडवून तीन-तीन खेपा घालणे ऊसतोड कामगाराला परवडत नाही.

पाचवी : मुलाच्या मदतीविषयीचे निर्णय मुलाला विचारून व्हावेत. त्याला काय कठीण जाते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

यांतील कोणतीही सूचना प्रवेशद्वारापेक्षा देखणी नाही. स्नानगृहातील दांड्यावर कोणी दात्याचे नाव कोरणार नाही. पण पुढील वर्षी जून महिन्यात एखादी आई मुलाला कडेवर घेऊन आपल्या कार्यालयात येईल. मूल कडेवर बसण्याच्या वयाचे नसेल, आणि ते का चालत आले नाही हे तिला सांगावेसे वाटणार नाही. त्या दिवशी कार्यालयातील माणसाने तिला आधी बसण्यास खुर्ची द्यावी, आणि मग अर्जावरील तो नवा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर ऐकून ‘होय, ती सोय आपल्याकडे आहे’ असे म्हणता यावे, यासाठी आपल्या हाती अजून एक वर्ष आहे.